बसलेल्या माणसाची उंची

शनिवारी जेवण आटोपून मी चित्रांच्या प्रदर्शनाला निघाले, तेव्हा सुनेने दारातच अडवलं. "आई, एकट्याच जाणार?"

"मग काय, वाजतगाजत जाऊ?" असं म्हणून मी चपला घातल्या.

म्हणायला सोपं होतं. गेल्या अकरा वर्षांत मी एकटी कधी गेलेच नव्हते. माझ्या थोरल्या नणंदेला आम्ही सगळे ताई म्हणायचो. पाय गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या, आणि तेव्हापासून दर शनिवारी त्यांची व्हीलचेअर ढकलत मी शहरातली प्रदर्शनं पालथी घातली. चित्रं, विणकाम, जुनी कुलुपं, एकदा तर नुसती बटणं! ताईंना सगळ्याचं अप्रूप, तक्रार मात्र एकच. "हे टांगणारे सगळे ताडमाड असतात की काय गं? बसलेल्या माणसाला काचेवर नुसते दिवे दिसतात." मी वाकून त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघायचे. खरंच दिवेच दिसायचे.

हे खिडक्यांच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं, त्या पहिल्या शनिवारी मला कंटाळा आला होता. मस्त ताणून द्यावीशी वाटत होती. मी म्हटलं, "ताई, आज गुडघे फार दुखतायत हो."

त्या हसल्या. "मग तू बस खुर्चीत, मी ढकलते."

आम्ही गेलोच नाही, आणि त्याच बुधवारी ताई झोपेतच गेल्या. तुम्हाला सांगते, ते एवढंसं खोटं सात आठवडे माझ्या घशात काट्यासारखं रुतलं होतं.

पायऱ्या सोडून मी सवयीने खुर्चीच्या उतारावरूनच आत गेले. दुपारची वेळ. लांबलचक दालनात चिटपाखरू नव्हतं. वॉर्निशचा वास आणि कुठेतरी एकसुरी घरघरणारं यंत्र. चित्रं टांगणारा माणूस मात्र शिडी लावून डोकं खाजवत उभा होता.

"बघा ना बाई," तो म्हणाला, "दुसऱ्या आठवड्यापासून दर शनिवारी हेच चाललंय. सगळी चित्रं दोन वीत खाली येतात. मी वर लावतो, ही पुन्हा खाली."

"तार सैल होत असेल."

"तार जशीच्या तशी आहे. खिळाच खाली येतो." त्याने वरच्या भिंतीवरून हात फिरवला. "आणि इथे... भोकही राहत नाही."

मी वाकून पाहिलं. ती उंची मला पाठ होती.

"आजच्या दिवस राहू द्या," मी म्हटलं. "मला अशीच बघायची आहेत."

तो सुटकेचा निःश्वास टाकून चहाला गेला. जाताना माझं वय बघून कोपऱ्यातली दालनाची व्हीलचेअर माझ्यापुढे ठेवून गेला. मी तिच्यात बसले. पहिलं चित्र अगदी डोळ्यांसमोर आलं. काचेवर एकही दिवा नाही. निळी खिडकी, उडालेला पडदा, कठड्यावर विसरलेला चष्मा. मला रडूच फुटलं.

"ताई," मी म्हटलं, "त्या दिवशी माझे गुडघे दुखत नव्हते. खोटं बोलले मी."

मग मागे ब्रेक सुटल्याचा खट्ट आवाज आला... आणि खुर्ची हळूच पुढे सरकली.

निलगिरी तेलाचा वास आला. ताई रोज रात्री कपाळाला लावायच्या, तोच.

घाबरायला हवं होतं, पण खरं सांगते, इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मी एकटीच बडबडत होते, हसत होते. खुर्ची जिथे मनाला येईल तिथे रेंगाळत होती, आणि नावडत्या चित्रापुढून भुर्रकन निघत होती. अगदी ताईंसारखी! मागे वळून मात्र मी पाहिलं नाही.

शेवटचं चित्र एकट्या दाराचं होतं. ते इतरांहून खाली आलं होतं. त्याची चौकट थेट जमिनीला टेकली होती, आणि रंगवलेलं दार अर्धवट उघडं होतं. आत काळोख.

खुर्ची थांबली नाही.

"ताई... जरा लांबून बघू या."

चाकं फिरतच राहिली. माझे पाय चौकटीला लागायला हवे होते. ते लागले नाहीत. बोटांना गार वारा लागला.

"ताई, घरी सून वाट बघतेय हो..."

खुर्ची थांबली. बराच वेळ तशीच राहिली. मग मागे ब्रेक लागला, खट्ट.

टांगणारा चहा पिऊन आला तेव्हा मी भिंतीपुढे बसले होते, आणि तो सांगतो, मी हसत होते. घरी येऊन पोटभर जेवले. सात आठवड्यांनी पहिल्यांदा गाढ झोप लागली. ताईंनी माफ केलं, एवढं मला कळलं होतं.

येता शनिवार प्रदर्शनाचा शेवटचा. मी जाणार आहे. सून म्हणते नको, कारण त्या दिवसापासून माझे गुडघे खरोखरच धरलेत, भिंतीला हात लावल्याशिवाय उठता येत नाही. डॉक्टरांना काही सापडत नाही.

मी तिला म्हटलं, काळजी करू नकोस. तिथे खुर्ची आहे, आणि ढकलायलाही माणूस आहे.