माळावरचे नऊ काळोख

"टॉर्च बंद करा!" मी ओरडले.

पायवाटेवरचा उजेड थबकला. "मॅडम, मी वनरक्षक. इथं बिबट्या हाय. परवाच त्या उसातनं वासरू नेलंय."

दिंडोरीपुढचा हा माळ मी काळोखासाठीच निवडला होता. दिवसभर नाशिकला अंबडच्या कारखान्यात सुटे भाग तपासायचे आणि संध्याकाळी जुना कॅमेरा, सेकंडहँड दुर्बीण स्कूटीवर लादायची... सप्तर्षींच्या शेपटीजवळ, दूरच्या एका दीर्घिकेत तारा फुटला होता. दोन कोटी वर्षांपूर्वी! त्याचा उजेड आत्ता कुठे पोचला होता, आणि थोड्याच दिवसांत विझणार होता.

"चाळीस मिनिटं फक्त," मी गयावया केली. "उजेड पडला की फोटो वाया जातो हो."

"आन् उजेड नसला की बिबट्या येतो."

उसात काहीतरी सळसळलं.

"मग बोलत राहा," टॉर्च विझवत तो म्हणाला. "मोठ्यानं. माणसाच्या आवाजाला तो बिचकतो. नाव काय तुमचं?"

"उज्वला."

"नावात एवढा उजेड... आन् टॉर्च नको!"

एवढ्या भीतीतही मला हसू आलं. "तुमचं?"

"मंगळू. सुरगाण्याकडचा. तुमच्या आभाळात हाय का मी?"

"आहात ना. तो काय — पश्चिमेला, शुक्राजवळ."

"शुक्राजवळ? मग बरं चाललंय की माझं."

त्यानंतर रोज त्याची गस्त माळावरूनच जायची. एकदा कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा ठिपका दाखवला, तेव्हा तो इतका जवळ वाकला, की मी श्वास रोखून धरला.

"एवढ्याशा ठिपक्यासाठी जीव धोक्यात घालता?"

"तुम्ही नाही घालत?"

"मला भ्या वाटतं," तो हळूच म्हणाला. "रोज. कुणाला सांगू नका."

नवव्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर कळलं — बिबट्यासाठी लावलेल्या पिंजऱ्यापाशी त्यानं वनखात्याच्या एका माणसाला फाडलं. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. मंगळूचा फोन लागेना. त्याला शोधायला दुसरी कुठली जागा मला माहीत नव्हती. मी माळावर गेले.

हाताला काम हवं म्हणून दुर्बीण उभी केली. आठ वाजले... नऊ वाजले... आणि उसात काड्या मोडल्या. अगदी जवळ.

मी मोठ्यानं बोलू लागले. "मंगळू, कुठे आहात हो? तुम्ही बरे असा... एवढंच. आणि ऐका, ताऱ्याचा फोटो मला पहिल्याच रात्री मिळाला होता! चांगला आला होता! त्यानंतर मी... मी तुमच्यासाठी येत होते. ऐकलंत का? फक्त तुमच्यासाठी!"

ऊस स्तब्ध झाला.

मग मागून, पायवाटेवरून आवाज आला. "ऐकलं."

मी गर्रकन वळले. काळोखात नुसती आकृती दिसत होती.

"लागलं ते मनोजला," तो धापा टाकत म्हणाला. "माझ्या जोडीदाराला. नाशकाला दवाखान्यात पोचवून आलो. वाचंल म्हणालेत. फोन तिथंच कुठं पडला... तुम्ही इथं एकट्या असाल म्हणून पळत आलो. लय भ्यालो मी, उज्वला."

मी धावले. धावताना तिपाईला पाय लागला, दुर्बीण कलंडल्याचा आवाज झाला... मी मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या शर्टाला औषधांचा वास होता, आणि माझ्या पाठीवर टेकलेले त्याचे हात अजून कापत होते.