शेजारच्या ताऱ्याचा भडका

दुसऱ्या दिवशीच्या परिषदेसाठी पोस्टर छापायचं होतं आणि संशोधन संस्थेचा प्रिंटर ऐन वेळी रुसला, म्हणून रुचा लालबागच्या त्या फ्लेक्सच्या दुकानात शिरली. नाहीतर तिची आणि हितेंद्रची गाठ पडायचं काही कारणच नव्हतं. तो वाढदिवसांच्या शुभेच्छा छापणारा, ही ताऱ्यांवर पीएचडी करणारी... पण गाठी काय, विचारून थोड्याच पडतात!

"उद्या दुपारच्या आत हवंय. नक्की ना?" तिने तिसऱ्यांदा विचारलं.

"नक्की, मॅडम. पण हे आहे काय?" त्याने स्क्रीनवरच्या आलेखातल्या उंच सुळक्याकडे बोट दाखवलं.

"न्यूट्रॉन तारा. जोडीदार ताऱ्याचा वायू ओढून अंगावर साठवतो आणि मग एकदम भडका! क्ष-किरणांचा. या ताऱ्यात तो मीच पहिल्यांदा पाहिलाय. उजेडाच्या थरथरीवरून कळतं, तो सेकंदाला चारशे ऐंशी गिरक्या घेतो."

"चक्कर नाही येत त्याला?"

ती हसली. किती दिवसांनी! त्याच्या कानामागे निळी शाई लागली होती, ती तिला उगाचच दिसली.

"फोटो काढला असेल ना भडक्याचा?"

"नाही हो. उपग्रहावरचं यंत्र आकाशाच्या एका तुकड्यातले किरण नुसते टिपतं."

"मग हाच तारा कशावरून? आमच्या चाळीत कुकरची शिट्टी झाली की चार बायका आपापला गॅस बघायला धावतात."

रुचा पांढरीफटक पडली. त्याच तुकड्यात दुसरा भडकणारा तारा आहे का, हे तिने पाहिलंच नव्हतं! त्या सुळक्यावर ती इतकी भाळली होती... स्टुलावर बसून तिने लॅपटॉप उघडला. भडकणाऱ्या ताऱ्यांची यादी चाळली. शेजारी एक तारा होता. जुना, ओळखीचा. गिरक्या— चारशे ऐंशी.

"तोच?"

"तोच. माझा शोध गेला..." तिने लॅपटॉप मिटला. "आहे तसंच छापलं, तर कदाचित कुणाच्या लक्षातही येणार नाही."

हितेंद्रने छापायचं बटण दाबलं नाही. माउसवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिला. त्या नजरेत ना राग होता, ना कीव. तो नुसता थांबला होता, आणि रुचाला तेच सोसेना.

"नको छापू," ती म्हणाली आणि तिने पीएचडीच्या सरांना फोन लावला.

"ओरडले?" तिने फोन ठेवल्यावर त्याने विचारलं.

"नाही. म्हणाले, ही चूकच पोस्टरवर मांड. सगळ्यांसमोर!"

"मी येऊ उद्या?"

"चूक बघायला?"

"ती तर आत्ताच बघितली..." त्याने मान खाली घातली. "तुला बघायला."

बाहेरून एक बस धडधडत गेली. रुचाला त्या आवाजापेक्षा स्वतःच्या छातीतली धडधडच जास्त ऐकू येत होती.

"ये. पण लोक यायच्या आधी ये... मला फार भीती वाटतेय. आणि तू समोर असलास की ती कमी होते, हे मला आत्ता, या तासाभरात कळलंय."