दोघांची सायकल

डॉक्टरांनी ह्यांना रोज तासभर व्यायाम सांगितला होता, आणि सुट्टीतही तो चुकवायचा नाही असं मी बजावलं होतं. त्या मोठ्या शहरात पाहुण्यांसाठी सोयी भरपूर होत्या. हॉटेलातच पोहायचा तलाव, वाफेची खोली, मालिश, गच्चीवर योगासनं. ह्यांनी सगळ्यांनाच नाक मुरडलं. शेवटी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मग नदीकाठी सायकल चालवा ना! दोन सीटची मिळते. जोडप्यांना फार आवडते."

मी तंत्रनिकेतनात यंत्ररचना शिकवते, त्यामुळे त्या सायकलीकडे मी आधी यंत्र म्हणूनच पाहिलं. पुढची आणि मागची पायडलं साखळीने एकमेकांना जोडलेली. एकाने मारली की दुसऱ्याचीही फिरणारच. वळवायचं हँडल पुढच्याच्या हातात. मागचं नुसतं धरायला.

"म्हणजे आपल्या संसारासारखंच," मी म्हटलं.

हे हसले नाहीत. हे सहसा हसत नाहीतच. स्वभावच तसा, म्हणून मीही कधीच नाद सोडला होता.

पहिल्या सकाळी पुलापर्यंत रस्ता सपाट होता. माणसं पळत होती, कुणी कुत्री फिरवत होतं, ओल्या गवताचा वास येत होता. पुलाच्या पुढे चढ लागला आणि माझा गुडघा कुरकुरायला लागला. मी जोर लावणं सोडलं आणि पाय पायडलांवर नुसते ठेवून दिले. सायकल मंदावायला हवी होती. ती पळायला लागली. पायडलं माझ्या तळव्यांखालून निसटत होती.

"वा!" हे पुढून ओरडले. "आज काय अंगात आलंय तुझ्या?"

इतक्या वर्षांनी झालेलं कौतुक कोण नाकारेल?

दुसऱ्या दिवशी हे एकदम मोठ्याने हसले. खांदे गदगदेपर्यंत.

"काय झालं हो?"

"अगं, काय बोलतेस एकेक! त्या टकल्याने ऐकलं असतं म्हणजे?"

मी तोंडही उघडलं नव्हतं. वारा असेल, मागून जाणारं कुणी बोललं असेल, अशी मी माझी समजूत घातली. पण मग लक्षात आलं की हे मान थोडी डावीकडे कलती करून ऐकताहेत. मी बोलते तेव्हा ह्यांची मान कधी कलत नाही. बहुतेक वेळा वर्तमानपत्रही खाली येत नाही.

खोलीवर परतल्यावर हे आरशासमोर गुणगुणत भांग पाडत होते. मी पलंगावर बसून बघत राहिले आणि जळत गेले. हे जळणं मला नवं नव्हतं. ह्यांच्या ऑफिसातल्या एकीवरून मी पूर्वी अख्खा उन्हाळा अशीच जळले होते. पण तिला निदान चेहरा होता.

पुढच्या सकाळी गुडघ्याचं निमित्त करून मी नदीकाठच्या बाकावर बसले. "तुम्ही साधी सायकल घ्या. ही एकट्याला जड जाईल."

"नको नको, हीच बरी," हे घाईने म्हणाले.

हे निघाले. मागची पायडलं रिकामीच फिरत होती. त्यात नवल नव्हतं, साखळीमुळे ती फिरणारच. मी टायर बघत होते. मागचा टायर चांगला दबला होता, भरल्या अंगाचं माणूस बसल्यावर दबतो तेवढा.

वळणाशी ह्यांनी खिशातून पेपरमिंटची गोळी काढली आणि न बघताच हात मागे धरला. हात पुढे आला तेव्हा रिकामा होता. गोळी खाली पडली असेल म्हणून मी नंतर वळणापर्यंत जाऊन शोधली. नव्हती.

हे परतले तेव्हा चेहरा कसा उजळला होता. मी मागच्या सीटवर तळहात ठेवला. सीट गरम होती.

"ऊन आहे," मी म्हटलं.

"हो ना," हे म्हणाले. आकाश सकाळपासून ढगाळ होतं.

रात्रभर मी या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. सकाळी सायकल बाकाशी लावून हे कॉफी आणायला गेले आणि मी पुढच्या सीटवर बसले. एकटीच निघाले.

पुलापर्यंत काही नाही. यंत्र जड चालत होतं, तेवढंच.

चढावर ते हलकं झालं. मागून कुणीतरी पायडल मारत होतं, माझ्या तालात.

मी मागे पाहिलं नाही. पेपरमिंटचा वास आला.

मग माझ्या पाठीच्या मधोमध कुणीतरी कपाळ टेकवलं. हलकेच, विश्वासाने. लग्न नवं होतं तेव्हा ह्यांच्या स्कूटरवर मी असंच टेकवत असे.

"उतर," मी म्हटलं.

कपाळ हललं नाही.

"ते माझे आहेत. उतर म्हणते ना!"

पाठीवरचा भार गेला. सायकल एवढी हलकी झाली की हँडल डगमगलं. मी ती वळवली आणि उतारावरून सुसाट परत निघाले. खरं सांगते, मला हसू येत होतं. जिंकले होते मी.

हे बाकाशी दोन पेले घेऊन उभे होते. मला पाहून पुढे आले. मागच्या सीटकडे बघितलं, मग रस्त्याकडे, मग माझ्याकडे.

"माफ करा हं," हे म्हणाले. "मागे माझी बायको बसली होती. तिला कुठे उतरवलंत तुम्ही?"

"अहो, काय हे? मी आहे!"

"हो, हो," हे अदबीने म्हणाले, गोंधळलेल्या परक्या बाईला म्हणावं तसं. पेले बाकावर ठेवले आणि पुलाच्या दिशेने चालायला लागले. समोरून येणाऱ्या प्रत्येक बाईकडे निरखून बघत.

मी सायकल ढकलत मागोमाग धावले. हाका मारत होते. अगदी जवळ पोचले तेव्हा ह्यांनी एकदा वळून पाहिलं, आणि कडेला सरकून मला पुढे जायला वाट दिली.