अंजूचा प्रार्थनेचा विषय

भावसिंगचा फोन आला तेव्हा अंजूचे दोन्ही हात नवऱ्याच्या पाठीखाली होते. शामला अर्धा वळवलेला तसाच सोडून उठणं शक्य नव्हतं, म्हणून खिडकीतला फोन तिनं वाजू दिला... पुन्हा वाजला, पुन्हा वाजू दिला. त्याच्या पाठीमागे तक्क्या लावून, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी सरकवून, खालच्या चादरीची सुरकुती तळहातानं सपाट करून मगच ती खिडकीकडे गेली. चादरीची एक सुरकुती राहिली तरी त्या जागी कातडी फाटते आणि अशी फाटलेली कातडी भरून यायला महिनेच्या महिने लागतात, हे ती न शिकता शिकली होती.

"अंजू," भाऊ म्हणाला, "याडीनं अन्न सोडलं. डॉक्टर म्हणते, घरीच ठेवा. तुह्यं नाव घेऊन राह्यली. येतं का?"

येतं का! तिचं माहेर, बोरी अरब, काही सातासमुद्रापार नव्हतं. ढाणकीहून उमरखेड, तिथून पुसद, मग दारव्हा... सकाळी पहिल्या गाडीनं निघालं तर दिवे लागायच्या आत माणूस याडीच्या, आईच्या दारात. पण शाम खाटेला खिळल्यापासूनच्या नऊ वर्षांत अंजूला ते जमलं नव्हतं. बाप गेला तेव्हा तिनं फोन कानाला लावून माहेरच्या बायकांचं रडणं ऐकलं होतं, आणि मधेच शामला वळवायची वेळ झाली म्हणून तो फोनही ठेवला होता. कुणाच्या गळ्यात पडून रडायचं ते राहूनच गेलं. आता आईचंही तसंच व्हायचं होतं का?

"येते," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला कळलं की आपण थाप मारली.

कारण शामला मानेखाली काही उरलं नव्हतं. तांड्यातल्या विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती झालेल्या, मंडळींनी मोठ्या हौसेनं प्रार्थनेसाठी पत्र्यांचं मंदिर बांधलं होतं. लग्नाला चार वर्षंही झाली नव्हती, पोरंबाळं अजून व्हायची होती, आणि एका वादळी दुपारी पत्रे उडून जाऊ नयेत म्हणून शाम दोर घेऊन वर चढला. पाय घसरला. कुणाची चूक नाही, कुणाचा दोष नाही. देवाच्या घरावरून देवाचा माणूस खाली आला आणि उठलाच नाही.

तांड्यातले बाकीचे म्हणाले, कुळाचा देव सोडल्याची ही शिक्षा. मंडळीतले म्हणाले, ही प्रभूनं घेतलेली परीक्षा. दोन्हीकडची उत्तरं कशी तयार होती! अंजूकडे मात्र एकही नव्हतं. पहिलं वर्षभर ती हापशीवर चादरी धुता धुता देवाशी भांडली. तुझ्याच घराचे पत्रे होते ना? मग एक हात पुढे करायला काय झालं होतं तुला? देवानं काही उत्तर दिलं नाही. पण तो उठूनही गेला नाही, हे तिला हळूहळू कळत गेलं... आणि एक दिवस ओल्या चादरीचा पिळा हातात धरून ती त्याला म्हणाली, बरं. पाय तुझे. परत द्यायचे तर दे, नाही तर ठेवून घे, मी मागणार नाही. पाठ मात्र मी सांभाळते. त्या दिवशी ती गाढ झोपली. आणि तिनं शब्द पाळला होता. इतक्या वर्षांत शामच्या पाठीवर एक जखम झाली नव्हती.

बाकी साऱ्यांनी मात्र शामची पाठसुद्धा देवाच्याच गळ्यात घातली होती.

त्यात पहिला नंबर धाकट्या दिराचा, राजकुमारचा. तोच मंडळी चालवायचा, उपदेश करायचा. लोक त्याला पास्टर म्हणत. घर भिंतीला भिंत लावून; पण भावाच्या खोलीचा उंबरठा ओलांडायचं नाव नाही. दारात उभा राहायचा, डोळे मिटायचा, लांबूनच आशीर्वाद द्यायचा आणि निघायचा. अंजू त्याच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, माही याडी जाऊन राह्यली. मले दोन दिवस पायजेत. तुमच्या मायच्यानं हे होत नाही, तिचेच गुडघे धरले हायेत. तुम्ही दादाजवळ राहा."

राजकुमारनं मान खाली घातली. "वहिनी, आज सभेत आपण याडीसाठी खास प्रार्थना करू. तुम्ही प्रभूवर सोपवा. जे होईन ते त्याच्या इच्छेनं होईन."

अंजूच्या तळपायाची आग मस्तकात गेली! पण ती पाठ फिरवून घरी आली. आजवर ती कधी बोललीच नव्हती, आणि हेच सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

दर रविवारी दुपारची सभा शामच्याच खोलीत भरायची. आजाऱ्याच्या उशाशी केलेली प्रार्थना देव लवकर ऐकतो, अशी मंडळींची समजूत. सतरंज्या अंजूनं घालायच्या, चहा अंजूनं टाकायचा, कप अंजूनं विसळायचे, आणि मंडळींनी टाळ्या वाजवून गाणी म्हणून झाली की जाता जाता म्हणायचं, अंजूबाईची सेवा पाहून आमचा विश्वास वाढते. तिच्या जिवावर सगळ्यांचा विश्वास असा वाढत होता आणि तिचं वजन घटत चाललं होतं. कप उचलायलाही कुणी वाकलं नव्हतं.

त्या दिवशीही गाणी झाली. मग प्रार्थनेचे विषय सुरू झाले. नागोराव उठले. हे मंडळीतले सगळ्यांत ज्येष्ठ, आवाज भारदस्त, दंड अजून पैलवानाचे. त्यांनी मुलाच्या पोलीस भरतीसाठी विनंती केली. एका बाईनं म्हशीच्या पायासाठी केली. राजकुमार दारातच उभा होता. त्यानं घसा खाकरला.

"आपल्या वहिनीच्या आईसाठी मागू या, का प्रभूनं तिले शांती द्यावी, अन् वहिनीले सहन करायची..."

"थांबा भाऊजी," अंजू म्हणाली. चहाचं पातेलं तिनं खाली ठेवलं. "माहा विषय मी सांगते."

सगळ्यांनी माना वळवल्या. अंजूबाई सभेत बोलते, हे कुणी ऐकलं नव्हतं.

"माहा विषय देवासाठी नाही. देवाले माह्यं सारं ठाऊक हाय, आमचं रोजचं बोलणं हाय. माहा विषय तुमच्यासाठी हाय. मले बोरी अरबले जाऊन याडीचं तोंड पाहाचं हाय. दोन दिवस. यायले," तिनं खाटेवरच्या शामकडे हात केला, "घडीघडी वळवा लागते. प्रार्थनेनं ते वळत नाही. मी करून पाह्यली."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. नागोराव गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "बाई, असं बोलू नये. प्रभूवर भरवसा ठेवा लागते."

"भरवशाचं मले नका सांगू, नागोरावदादा." तिचा आवाज चढला नव्हता. "यायचे पाय मी कवाचेच त्याले देऊन टाकले. लेकरू नाही झालं, तेही देलं. बाप गेला, तेही देलं. जे माह्या हातचं नोहतं, ते सारं त्याच्यावर टाकलं अन् त्याचं नाव घेऊन झोपली. पण तुम्ही जे तुमच्या हातचं हाय, तेही त्याच्यावर टाकून राह्यले. त्याचेच हात कायले भरता? तुमचे रिकामे हायेत ना?"

"अंजू, चूप," भिंतीला टेकलेली सासू, धनीबाई, म्हणाली. "मंडळीसमोर घरची इज्जत..."

"माय, घरची इज्जत मी रोज हापशीवर धुते. आज बोलू दे."

दारातला राजकुमार पांढराफटक पडला होता. तो वळून निघाला, तशी अंजू सतरंजीवरच्या माणसांमधून वाट काढत दाराशी गेली.

"आज जाऊ नका भाऊजी. सख्खा भाऊ हाय तुमचा. काहून शिवत नाही त्याले? घाण वाटते का?"

"नाही वहिनी." मग सारं एकदम बाहेर पडलं. "घाण नाही वाटत. लाज वाटते. पहिल्या वर्षी रोज सांजच्या पारी मी त्याच्या अंगावर हात ठेवून प्रार्थना करत होतो. साऱ्या तांड्याले सांगतलं होतं मी, येत्या नाताळले माहा दादा चालत मंदिरात येईन. लोक पाहाले आले होते, वहिनी... अन् दादा इथंच पडून होता. तवापासून त्याले हात लावाले गेलो का वाटते, हे हात खोटे हायेत. ज्याले उठवता आलं नाही, त्याले शिवाचा मले काय हक्क?"

म्हणजे हे असं होतं! अंजूला कीव यायला हवी होती, आणि आलीही. पण तिच्याआधी संताप आला. देवानं याचं ऐकलं नाही म्हणून हा रुसला, आणि त्या रुसव्याची किंमत आपण भरली... चादरीमागून चादर, एकटीनं.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. शाम सभेत बोलत नसे. श्वास पुरत नसे त्याचा.

"राज्या."

राजकुमारनं वर पाहिलं.

"तू हात ठेवत होता ना... तवा मी उठाची वाट नोहतो पाहत." शाम दम घेत, थांबत थांबत बोलत होता. "मले त पहिल्याच महिन्यात समजलं होतं. मी तुही वाट पाहत होतो. सांज झाली का वाटे, आता राज्या येईन. माह्या जवळ बसन. पाय गेले त गेले... तू कायले गेला?"

धनीबाईनं पदर तोंडात कोंबला. नागोराव खाली बघू लागले. राजकुमारनं उंबरठ्याची चौकट धरली, आणि इतक्या वर्षांनी एक पाय आत टाकला, मग दुसरा, आणि खाटेजवळ येऊन दोन्ही हात पुढे करून तसाच उभा राहिला, कुठे ठेवावेत ते न समजून.

"मी काय करू, वहिनी?"

"उठवू नका," अंजू म्हणाली. "उठवाचं ज्याचं हाय तो पाहीन. तुम्ही फक्त कुशीवर वळवा."

तिनं त्याचा एक हात शामच्या खांद्याखाली दिला, दुसरा कमरेखाली. नागोरावांकडे तिनं नुसतं बघितलं, तर ते मुकाट्यानं उठून पायाशी आले. "वढू नका. आधी आपल्याकडे घ्या, मंग वळवा. मानेकडे ध्यान ठेवा." शाम वळला, धाकट्याच्या छातीवर त्याचं डोकं टेकलं, आणि राजकुमार तिथंच, सगळ्या मंडळींसमोर, भावाच्या केसांत तोंड खुपसून हमसून हमसून रडला. शामही रडत होता; स्वतःचे डोळे पुसायला त्याचे हात उठत नसत. ते डोळे आज राजकुमारनं पुसले.

अंजूचा राग मात्र गेला नाही. इतक्या वर्षांचा राग असा घटकाभरात जात नसतो, आणि जावा तरी का?

"वहिनी, मले माफ करा," राजकुमार म्हणाला.

"माफीचं वापस आल्यावर पाहू. आधी त्यायची लघवीची पिशवी कशी बदलाची ते शिका."

त्या रात्रीच्या साऱ्या पाळ्या त्यानंच केल्या. सकाळी अंजू हातात एक थैली घेऊन खाटेशी उभी राहिली, तेव्हा पाय निघेना. धनीबाईनं भाकरी बांधून तिच्या थैलीत कोंबली आणि सुनेच्या तोंडावरून हात फिरवला; असा हात तिनं या घरात आल्यापासून फिरवला नव्हता.

"जाय," शाम म्हणाला. "मी काही पळून जात नाही."

पुसदच्या स्टँडवर दारव्ह्याची गाडी लागायची होती, तोच फोन वाजला. भावसिंगचाच असणार... संपलं असणार. फोन हातात थरथरत होता आणि तिला स्क्रीनकडे बघवेना. तिनं डोळे मिटले. गाडीत बसणं माझ्या हातात होतं, ते मी केलं, ती मनातल्या मनात म्हणाली. पुढचं तुझं. याडी भेटो की न भेटो, तू हात सोडू नको. मग तिनं फोन कानाला लावला.

"वहिनी," राजकुमारचा आवाज आला, घाईचा, घाबरलेला, "दुपारच्याले दादाले कोणत्या कुशीवर घेता? दादा म्हणते डाव्या, माय म्हणते उजव्या."

"डाव्या," अंजू म्हणाली. "अन् गुडघ्यात उशी द्या."

ती स्टँडच्या बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून खूप वेळ रडली.

बोरी अरबला पोचली तेव्हा घराघरांतून चुली पेटल्या होत्या. भावसिंग वाटेवरच उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की अजून वेळ आहे. आत खाटेवर तिची आई, रुपीबाई, म्हणजे नुसती हाडं उरली होती. डोळे उघडे होते. लेकीला तिनं ओळखलं, पण तिच्या तोंडावर हसू यायच्या आधी भीती आली. या लेकीचं दुखणं ती इतकी वर्षं लांबूनच भोगत होती.

"शामले कोनापाशी ठेवून आली?" तिनं विचारलं.

"त्याच्या भावापाशी, याडी," अंजू म्हणाली.

रुपीबाईनं ते ऐकलं, आणि मग अंगात उरलं होतं तेवढं बळ लावून खाटेच्या कडेला सरकली, लेकीला आपल्याजवळ निजायला जागा व्हावी म्हणून.