टायरच्या दुकानातला बेसवाला

शटर अर्धं वर होतं आणि आत ती एकटीच टाळ्या वाजवत होती. एक टाळी भिंतीपाशी, एक मधोमध, एक मागच्या कोपऱ्यात... आणि प्रत्येक टाळीनंतर मान तिरकी करून ऐकायची.

"पंक्चर काढता का?"

ती दचकली. शटरखालून वाकून कुणीतरी आत डोकावत होतं. पाठीवर गिटारची लांबलचक पिशवी, हात काळे, पावसाने केस कपाळाला चिकटलेले. मागे एका बाजूला कललेली स्कूटर.

"दुकान बंद झालंय."

"पाटीवर तर 'हवा-पंक्चर' लिहिलंय."

"पाटी उतरवायची राहिलीय."

"मग या टाळ्या कशाबद्दल? दुकान बंद झाल्याबद्दल?"

तिला हसायचं नव्हतं, तरी हसू आलंच. पाठीने दगा दिल्यावर बाबांनी टायरचं दुकान बंद केलं होतं, आणि ती जागा भाड्याने द्यायची सोडून लेकीने बार काढायचा घाट घातला होता. साधा बार नव्हे, रॉक बार. इथे बँड येणार, स्वतःची गाणी वाजवणार, आणि गिऱ्हाइकाने लग्नातल्या गाण्याची फर्माईश केली तर त्याला दार दाखवलं जाणार. विम्याच्या कचेरीतली चांगली नोकरी तिने त्यापायी सोडली होती. नातेवाइकांत तिच्या अकलेची चर्चा जोरात चालली होती.

"आवाज घुमतो का, ते बघत होते," ती म्हणाली.

त्याने आत येऊन एक टाळी वाजवली. कान देऊन ऐकली. "वर पत्रा, खाली सिमेंट. इथे ड्रम वाजला की एकेक ठोका दोनदा ऐकू येईल. दोन ड्रमर ठेवल्याचं समाधान फुकटात!"

"तुम्हाला बरंच कळतं."

"बेस गिटार वाजवतो. बँडमध्ये ज्याच्याकडे कुणी बघत नाही ना... तो मी."

"का? बघण्यासारखं नाही का काही?"

बोलून गेली आणि तिचे कान तापले. मग ते लपवायला ती घाईघाईने पान्हा शोधू लागली. अडगळीतून बाबांची अवजारं काढली, चाक सोडवलं, ट्यूब बादलीतल्या पाण्यात बुडवून बुडबुडे हेरले. तो उकिडवा बसून बघत होता. ट्यूबकडे कमी, तिच्याकडे जास्त.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. स्कूटर धडधाकट होती.

"आज काय झालं?" तिने विचारलं.

"हवा बघायची होती."

"चाकातली?"

"तीच... बहुतेक."

त्यानंतर तो येतच राहिला. दुपारी एका शाळेत मुलांना संगीत शिकवायचा, ते आटोपलं की इथे. जुन्या गाद्या फाडून, फळ्यांच्या चौकटीत भरून, वरून जाड काळं कापड ठोकून त्यांनी भिंती झाकल्या. टायर रचायच्या जाड फळ्यांचं स्टेज झालं. बाबा दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून देखरेख करत. एकदा त्याने बेस जोडून वाजवला तेव्हा ते म्हणाले, "यापेक्षा माझा कॉम्प्रेसर बरा. आवाज हाच, पण निदान टायर तरी भरायचा!"

आणि मग तिच्याकडे वळून, त्याला ऐकू जाईल अशा बेताने, "हा पोरगा पगार घेतो, की नुसता जेवतो?"

"बाबा!"

"नुसता जेवतो, काका," तो म्हणाला. "पण मनापासून जेवतो."

पाटी उतरवायला तो शिडीवर चढला आणि वरच थबकला. काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश मागून घेतला, 'पंक्चर' पुसून टाकलं. राहिलं नुसतं 'हवा'.

"झालं बारचं नाव. हवा! आता नको म्हणायची कुणाची टाप आहे?" आणि मग खाली न बघता, जरा हळू, "मला तर हवाच."

"काय?"

"बार," तो म्हणाला. पण रंगाचा डबा हातातून निसटता निसटता राहिला.

परवान्यासाठी खेटे घालण्यात महिने गेले. त्या काळात कधीतरी दोघांमधलं 'तुम्ही' गळून पडलं, नेमकं कधी ते दोघांनाही सांगता आलं नसतं. एका संध्याकाळी पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. तो बेस घेऊन बसला होता. तिने खुणेनेच सांगितलं, काही ऐकू येत नाही. त्याने तिचा हात धरला आणि स्पीकरच्या लाकडी अंगावर टेकवला.

"ऐकू नकोस. नुसता हात ठेव."

त्याने एकच स्वर छेडला. तो तळहातातून मनगटात, मनगटातून खांद्यात चढत गेला... तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा बेस थांबला होता आणि तो अगदी जवळ उभा होता.

"माझं काय चाललंय, तुला कळतंय ना?" त्याने विचारलं.

"कळतंय."

"मग तुझं काय चाललंय?"

"तेच..." ती म्हणाली. "पण उद्या वायरिंगवाला येणार आहे. सकाळी लवकर ये."

तो इतका हसला की तिला ते हसू ओठांनीच थांबवावं लागलं.

उद्घाटनाच्या आधी तिने एक उद्योग केला, तो कुणालाच सांगितला नाही. बँडचे परदेश दौरे ठरवणारी एक बाई होती, मोठ्या नावाची, कुणाला सहजी न भेटणारी. त्या बाईंच्या कचेरीत फोन करकरून ती तिथल्या मुलीची जवळजवळ मैत्रीण झाली, तेव्हा कुठे बाईंनी 'डोकावून जाते' म्हटलं. तिला वाटलं होतं, त्याच्या बँडचं कुठेतरी नाव होईल. चार ठिकाणी बोलावतील, तो जाईल, वाजवेल, आणि परत येईल. 'परत येईल' हे तिने धरूनच चाललं होतं.

पहिल्या संध्याकाळी 'हवा' गच्च भरला. ग्लास कमी पडले, बर्फ संपला, बाबांनी कानांत कापसाचे बोळे घालून दारावर तिकिटं फाडली. त्याचा बँड शेवटी चढला. गायकाने माइकवरून सांगितलं, "हे स्टेज आमच्या बेसवाल्याने ठोकलंय, तेव्हा मोडलं तर त्याला धरा!" लोक हसले. मग गाणं सुरू झालं आणि कुणी हसेना, कुणी बोलेना. बाई मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. पहिल्या गाण्यात त्यांनी घड्याळ बघितलं. दुसऱ्या गाण्यात पर्स खांद्यावरून काढून खाली ठेवली. काउंटरमागून तिने ते पाहिलं आणि आनंदाने तिचा ऊर भरून आला.

बोलावणं आलं ते चार ठिकाणांचं नव्हतं. एका बड्या बँडच्या आधी रोज वाजवायचं, देशोदेशी, जवळजवळ वर्षभर.

तो धावतच आला. ती ग्लास पुसत होती. त्याने तिला उचलून गरकन फिरवलं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "बाईंनी सांगितलं मला! तू नसतीस तर हे झालंच नसतं! कळतंय का तुला? तू!"

"कधी निघायचंय?"

"महिन्याभरात."

तो महिनाभर ती वाट बघत राहिली. तो 'चल ना' म्हणेल, याची. उत्तर तिने तयार ठेवलं होतं, आरशासमोर म्हणूनही बघितलं होतं. 'नाही रे. आत्ता कुठे दार उघडलंय, बाबांची पाठ ही अशी... मला नाही येता येणार. पण तू विचारलंस, यात सगळं आलं.' असं म्हणून ती त्याला घट्ट मिठी मारणार होती. रडायचं की नाही, तेवढंच ठरत नव्हतं.

जायच्या आदल्या दिवशी तो आला. स्टेजच्या कडेवर बसला, बोटं एकमेकांत गुंतवली, सोडवली.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "म्हणजे... तुला अडचण नसेल तर."

"विचार ना."

"माझा बेसचा जुना अँप, तो स्पीकरचा खोका, इथे ठेवू का? घरी जागा नाही. मागे कुठेतरी... तुला अडगळ नाही ना होणार?"

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"नाही," ती म्हणाली. "ठेव."

तयार ठेवलेल्या उत्तरातला तेवढा एकच शब्द कामी आला.

सुरुवातीला त्याचे फोन रोज यायचे. मग 'आज फार दमलो' असे. मग दोन शहरांमधल्या प्रवासात, रेंज जात-येत. मग बाबाच म्हणाले, "गाडी नीट झाली की गिऱ्हाईक थांबत नसतं, बाळा. दुकानात बसून हे मी आयुष्यभर बघितलंय." ती बाबांवर इतकी चिडली की दोन दिवस धड बोलली नाही. बार मात्र चालला. बरा चालला.

दौरा संपला, लगोलग दुसरा निघाला. दुसराही संपल्यावर एका दुपारी तो दारात उभा राहिला. जाकीट नवं, केस कापलेले, चेहरा थोडा भरलेला. आता त्याच्याकडे लोक बघत होते. बाहेर दोन पोरी फोन काढून उभ्या होत्या.

"मालकीणबाई," तो म्हणाला. "पंक्चर काढता का?"

तिने काउंटरवरचं फडकं खाली ठेवलं नाही. "कसा आहेस?"

इकडचं तिकडचं झालं. भिंतीवरच्या काळ्या कापडावरून त्याने हात फिरवला. मग एकदम म्हणाला, "खरं सांगू? तू 'थांब' म्हणाली असतीस ना, तर मी थांबलो असतो."

तिने मान वर केली. इतके दिवस तिला दुःख होत आलं होतं. राग आला तो आत्ता.

"असं? म्हणजे गेलास तू, आणि चूक माझी?"

"तसं नाही गं..."

"आणि तू 'चल' म्हणाला असतास तर?"

त्याने कापडावरचा हात काढला. मग चाचरत, "तर... आली असतीस?"

"नाही."

"मग?"

"मग काय! नाही म्हणायचा मान तरी मिळाला असता. तू तेवढंही ठेवलं नाहीस मला. अँप ठेवलास."

आत एका नव्या बँडचा ड्रम जोडला जात होता, तीन मुली होत्या, पहिल्यांदाच लोकांसमोर वाजवणार होत्या.

"आज संध्याकाळी थांबलो तर चालेल?" त्याने विचारलं. "मागे उभा राहीन. नुसता ऐकेन."

"तिकीट दारावर मिळतं."

तो हसला. ती हसली नाही, तेव्हा त्याचंही हसू विरलं. "येतो मग," म्हणून तो शटरबाहेर पडला, आणि ते येणं संध्याकाळचं की कायमचं, हे तिने विचारलं नाही.

संध्याकाळी बार भरला. मुली स्टेजवर चढल्या, एकीचा आवाज कापत होता. तिने एकदा दाराकडे बघितलं. पुन्हा बघितलं. कुणीतरी उंच आत आलं, ते दुसरंच निघालं. मग ती स्वतःवरच संतापली, दाराकडे पाठ केली आणि तशीच काउंटरमागच्या आरशात दार बघत राहिली.

टाळ्यांचा गजर झाला तेव्हा ती भानावर आली. लोक उभे राहून ओरडत होते, बाबांनी कानातले बोळे काढले होते. गाणारी मुलगी घामाघूम होऊन थेट तिच्याकडेच बघत होती, मालकिणीला कसं वाटलं ते विचारल्यासारखी.

तिने जोरजोरात टाळ्या वाजवल्या. गाण्यातला एकही शब्द तिने ऐकला नव्हता.