तीनशे तेरावी फाइल

आमच्या कॉम्प्युटरच्या पुढच्या बाजूला एक काळी पट्टी आहे. तिच्यात चार खाचा आणि कोपऱ्यात मोहरीएवढा हिरवा दिवा. हा आतच बसवलेला कार्ड रीडर. मेमरी कार्ड खाचेत सरकवलं की स्क्रीनवर एक नवी खूण उमटते आणि कार्डातलं सगळं दिसायला लागतं. तीन वर्षं तो निमूटपणे चालला. मी त्याच्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. धड चालणाऱ्या गोष्टींकडे कोण बघतं?

मंगळवारी दुपारी तो पहिल्यांदा नाहीसा झाला.

म्हणजे पट्टी जागेवरच होती. नाहीसा झाला तो कॉम्प्युटरच्या लेखी. एखादी वायर उपटल्यावर वाजतं तसं 'टुडुंग' वाजलं, दिवा विझला, खूण गेली, आणि चालू असलेली कॉपी एकेचाळिसाव्या फाइलवर अडकून पडली.

हे वाचून 'हात्तिच्या, एवढंच?' असं वाटेल. म्हणून त्या कार्डात काय होतं ते आधी सांगते.

त्यात माझा मामा होता.

मामा बावीस वर्षं बस स्थानकावर उद्घोषक होता. फलाट कुठला, गाडी कुठली, किती उशीर, हे सगळ्या शहराला तोच सांगायचा. आवाज असा, की उशिराची बातमीही ऐकत राहावीशी वाटायची. मग त्याच्या घशात काहीतरी निघालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. मामा आमच्याकडे राहायला आला. ऑपरेशनच्या आधी वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी त्याला एक छोटा रेकॉर्डर दिला आणि तीनशे बारा वाक्यांची यादी. ती वाक्यं त्याने स्वतःच्या आवाजात बोलायची, आम्ही पाठवायची, आणि त्यांतून त्याच्यासाठी एक टॅबलेट तयार होणार. मामा टाइप करणार आणि आवाज त्याचाच येणार! फक्त फाइली शनिवारी पाचच्या आत पोचायला हव्या होत्या. नाहीतर पुढची तुकडी सहा महिन्यांनी.

तोवर वापरायला बाईंनी एक साधा टॅबलेट दिला होता. मामाने त्यावर 'पाणी' असं टाइप केलं. टॅबलेट लिफ्टमधल्या बाईसारखा म्हणाला, "पा. णी." मामाने तो कपाटावर पालथा घातला. मग तो वहीत लिहायला लागला. आधी दिवसाला पानभर, मग दोन ओळी, मग एखादा शब्द. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा. समोरच्या रस्त्यावरून बस गेली की ओठ तेवढे हलायचे. बावीस वर्षांची सवय.

"हा आतल्या आत मिटत चाललाय गं," आई शिवणयंत्रावरून मान न उचलता म्हणायची. "त्याचा आवाज लवकर परत आण बाई."

आणि हे काम माझं का? कारण घरात कॉम्प्युटरचं कळतं ते मला. आणि दुसरं म्हणजे, माझा आवाज मामानेच काढलाय. दोन वर्षांपूर्वी वर्गात 'हजर' म्हणतानाही माझ्या तोंडून फुसकी हवा निघायची. मामाने मला गच्चीच्या त्या टोकाला उभं केलं, स्वतः या टोकाला उभा राहिला आणि म्हणाला, "ऐकू येत नाही. परत." असं दर रविवारी येऊन, वर्षभर. गेल्या महिन्यात मी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले. आता तो मला भोंगा म्हणतो. म्हणायचा.

तर मंगळवारी मी बाह्या सरसावल्या. आधी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. रीडर आला. कॉपी सुरू केली. टुडुंग. मग उपकरणांची यादी उघडली, तिथे रीडरची ओळच नव्हती. नुसती बिघडलेली नाही. कधी नव्हतीच, अशी. रीडर चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, काढून नवा टाकला. वीज वाचवायला कॉम्प्युटर काही उपकरणं मधेच झोपवतो, ती खूणही काढली. टुडुंग. शेजारून सुटा रीडर आणला, तर तो म्हणाला, 'कार्ड कोरं आहे, फॉरमॅट करू का?' मी 'नाही'वर इतक्या जोरात क्लिक केलं की माउस टेबलावरून खाली पडला. रेकॉर्डरच्या वायरीची खाच आधीपासूनच तुटलेली. म्हणजे काय ते या काळ्या पट्टीतूनच.

आणि कॉपी झालेल्या त्या चाळीस फाइली? उघडल्या. लांबी बरोबर, नाव बरोबर. आत शांतता. एका दमात सगळ्या आल्या तरच काही खरं, असं दिसत होतं.

बुधवारी शाळेतून आले तर रीडर हजर, दिवा हिरवागार. कार्ड उघडलं. खाली आकडा लिहिला होता: ३१३.

मी तीनदा मोजलं. यादीत वाक्यं तीनशे बारा. शेवटच्या फाइलवर तारीख मंगळवारची, वेळ दुपारी चार बारा. मामाच्या ऑपरेशनला तेव्हा तीन आठवडे झाले होते. कार्ड माझ्या कॉम्प्युटरमध्ये होतं. आणि चार बाराला तर रीडर गायब होता.

इथे एक सांगायला हवं. उद्घोषक प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात. मामा ती तीनशे बारा वाक्यंही तशीच बोलला होता: "मला पाणी हवं आहे. पुन्हा सांगतो, मला पाणी हवं आहे." बाई म्हणाल्या, अहो, एकदाच. मामा म्हणाला, "एकदा सांगितलेलं वाऱ्यावर जातं, बाई. दुसऱ्यांदा सांगितलेलं कानात जातं." बाईंनी कपाळाला हात लावला आणि ठरलं, की दुसरा अर्धा भाग मी कापायचा.

तीनशे तेरावी फाइल मी हेडफोन लावून ऐकली. तिच्यात पहिला अर्धा भाग नव्हता. थोडी खरखर, आणि मामाचा भरदार, जुना आवाज:

"पुन्हा सांगतो, दूध उतू जातंय."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मंगळवारी दुपारी खरंच दूध उतू गेलं होतं. मामा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने टाळ्या वाजवल्या होत्या, भांडं आपटलं होतं, आणि मी हेडफोन लावून बसले होते. करपल्याचा वास आला तेव्हा कुठे मी धावले. मामा ओट्याला टेकून उभा होता. त्याचा चेहरा मला आवडला नव्हता.

मी आईला काही सांगितलं नाही. काय सांगणार?

गुरुवारी दुरुस्तीवाल्या काकांना बोलावलं. ते दारातूनच म्हणाले, "वायर असणार. नेहमी वायरच असते." त्यांनी कॉम्प्युटरचं झाकण काढलं, फुंकर मारून धूळ उडवली, आणि रीडरच्या मागून निघून मुख्य बोर्डावर जाणारी वायर दाखवली. "ही बघ, ढिली. ही हलली की रीडर गायब. तुम्ही पोरं उगाच सॉफ्टवेअरच्या मागे लागता."

"मग गायब झाल्यावर आपोआप परत कसा येतो, काका?"

"वायर थंड होते, गरम होते. शास्त्र आहे त्यात."

रीडर तेव्हा गायबच होता. काकांनी वायर बोर्डावरून उपटली, तिचं टोक मला दाखवायला वर धरलं. "आता बघ, ही नीट पुसतो आणि..."

स्क्रीनवर खूण उमटली. हिरवा दिवा लागला.

काकांच्या हातात वायरीचं टोक तसंच होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, पुन्हा टोकाकडे. मग वायर जागेवर खोचली, झाकण लावलं, चारपैकी दोनच स्क्रू पिळले.

"काका, मग वायरच का?"

"हो हो, वायरच," ते चपला घालत म्हणाले. चहाही घेतला नाही. त्यांचा स्क्रू ड्रायव्हर इथेच राहिला. तो न्यायला ते अजून आलेले नाहीत. माझ्या पेन्सिलींच्या डब्यात आहे.

त्या दिवशी आकडा होता ३१६. नव्या तिन्ही फाइली ऐकल्या.

"पुन्हा सांगतो, सात नंबरची गाडी आज उशिरा."

"पुन्हा सांगतो, मला त्या डब्याच्या आवाजात बोलायचं नाही."

तिसरी ऐकताना मला घाबरायला हवं होतं, पण मी ती परत लावली. "पुन्हा सांगतो, ताई, रडू नकोस." ताई म्हणजे माझी आई. ती कधी रडली हे मला माहीत नव्हतं. मामाला होतं.

शुक्रवारी उलगडा झाला. उलगडा म्हणजे का ते नाही, कधी ते. माझं टेबल खिडकीशी आहे आणि खिडकीतून गॅलरी दिसते. कॉपी चालू होती. मामा खुर्चीत बसला होता. रस्त्यावरून बस गेली, त्याचे ओठ हलले.

टुडुंग.

ओठ मिटले. मी मनात वीस मोजले. दिवा लागला.

पुन्हा कॉपी. पुन्हा बस. पुन्हा ओठ. टुडुंग.

पाच वेळा बघितलं. पाचही वेळा.

शनिवारी एक वाजता मी मामाला हाताला धरून आत आणलं, माझ्या खुर्चीत बसवलं आणि तीनशे तेरावी फाइल लावली. त्याने ऐकली. हात गळ्यावरच्या कापडाकडे गेला. वहीत त्याने लिहिलं, 'हे मी कधी म्हटलं?' मग ते खोडून खाली लिहिलं, 'दूध.'

"मामा, तू बोलायला लागलास की हा जातो," मी म्हणाले. "कुठे जातो मला माहीत नाही. बहुतेक तुझ्याकडेच येतो. पण सगळ्या फाइली निघेपर्यंत त्याला इथे थांबू दे. ओठ अजिबात हलवायचे नाहीत. मनातल्या मनातही बोलायचं नाही. चाळीस मिनिटं. जमेल?"

त्याने वही ओढली. मग लिहिलं, 'गप्प बसायचं? तेवढं एक मला उत्तम जमतं.'

तीन आठवड्यांतला त्याचा पहिला विनोद. मी हसले आणि हसता हसता नाक पुसलं.

कॉपी सुरू केली.

पन्नास. शंभर. मामाने ओठ घट्ट आवळून धरले होते. पलीकडच्या खोलीत आईचं शिवणयंत्र चालू होतं.

दोनशे. त्याच्या कपाळावर घाम आला.

दोनशे नव्वदला खालून बस गेली. मामाची हनुवटी थरथरली. दिवा लुकलुकला.

"मामा!"

त्याने दोन्ही तळवे तोंडावर दाबून धरले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शिवणयंत्र थांबलं, आई दारात येऊन उभी राहिली.

तीनशे.

तीनशे दहा.

तीनशे बारा.

मी पहिली फाइल उघडली. "माझं नाव तुम्हाला ठाऊक आहेच," मामा म्हणाला. खराखुरा, मोठ्याने. आई जमिनीवरच बसली.

मग मी कापाकापीला बसले. प्रत्येक वाक्याचा पहिला अर्धा भाग ठेवायचा; 'पुन्हा सांगतो'पासून पुढचं सगळं उडवायचं. तीनशे बारा वेळा मी मामाला मधेच तोडलं. हात भरून आले. कापलेले तुकडे कचरापेटीत टाकले आणि कचरापेटी रिकामी केली. चार बावन्नला फाइली गेल्या. जास्तीच्या मी पाठवल्या नाहीत. त्या त्याच्या होत्या.

त्यानंतर रीडर एकदाही नाहीसा झाला नाही. बस जाते, मामाचे ओठ हलतात, दिवा शांतपणे जळत राहतो. मी ठरवून टाकलं, वायर थंड झाली असेल.

टॅबलेट परवा आला. दुपारची वेळ. आईला टेबलामागचं पुसायचं होतं म्हणून कॉम्प्युटरची वायर मी सकाळीच भिंतीतून काढून ठेवली होती. आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत. मामाने टॅबलेट मांडीवर घेतला, दोन बोटांनी हळूहळू टाइप केलं, आणि बटण दाबलं.

"भोंगा, पुढच्या स्पर्धेला मी येणार."

त्याचाच आवाज. अगदी त्याचाच. आई हसत होती, रडत होती. मी ओरडले, नाचले, शेजारच्यांनी भिंतीवर ठोकलं. मामा मात्र हसला नाही. त्याने हात वर करून आम्हाला थांबवलं, मान थोडी कलती केली. आपलं बोलणं अजून संपलेलं नाही, अशी.

आतल्या खोलीत, बंद कॉम्प्युटरच्या बाजूने, थोडी खरखर झाली.

"पुन्हा सांगतो, भोंगा, पुढच्या स्पर्धेला मी येणार."

आईने माझा हात धरला. मी मामाकडे बघत होते.

टॅबलेट बोलला तेव्हा त्याचे ओठ मिटलेले होते. आता ते हलत होते.