राहिलेलं नाव

तुळशीला पाणी घालायला गेले होते, एवढंच. नोव्हेंबरातला शनिवार, दुपारचे दोन. नेदरलँड्समधल्या झूटरमेरमध्ये माझ्या आणि माझी मैत्रीण वैदेहीच्या घरांच्या मध्ये एक कालवा आणि एक सायकलचा रस्ता. कुणी गावाला गेलं की किल्ली दुसरीकडे, हा आमचा सात वर्षांचा शिरस्ता.

या वेळी ती नुसती फिरायला गेली नव्हती. पार कॅरिबियन समुद्रात, कुरासाव बेटावरच्या विलेमस्टाड शहरात, एका गॅलरीत तिचं चित्र लागलं होतं. नवरा श्रीहर्षही सोबत गेला होता.

खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट झाला होता. दोघीही नवऱ्याच्या व्हिसावर इथे आलो. ब्रश कसा धरायचा इथपासून तिला मी शिकवलं, माझ्या जेवणाच्या टेबलावर. त्याच गॅलरीला मीही तीन चित्रं पाठवली होती. नकाराची मेल आली ते कुणाला सांगितलं नाही. तिला तोंडभर शुभेच्छा दिल्या आणि घरी येऊन भांडी आपटली.

तिच्या घरात हीटर बंद होता. पाणी घालून मी अंगातला कोट तसाच ठेवून सोफ्यावर टेकले. राखाडी कोट, टिलबर्ग शहरातल्या सेलमधला. वरचं बटण हरवलं म्हणून मी निळं लावलंय. तेवढ्यात फोटो येऊ लागले. तिकडे सकाळचे नऊ वाजले होते.

पहिला फोटो पाण्यावर तरंगणाऱ्या पुलावरचा. मागे पिवळी, गुलाबी, निळी घरं ओळीने उभी. वैदेही बिनबाह्यांच्या झग्यात हसत होती. मी फोटो मोठा केला, तिच्या चेहऱ्यावर थकवा दिसतोय का बघायला. दिसलं ते वेगळंच. पुलाच्या पार टोकाला, त्या उन्हात, राखाडी कोट घातलेली एक बाई उभी होती.

दुसरा फोटो तासाभराने आला, जुन्या गल्लीतला, अख्ख्या भिंतीवर मोठा रंगीत मासा काढलेला. बाई आता दहा पावलांवर होती. मान खाली.

तिसरा त्याहून उशिरा, गॅलरीतला. वैदेही तिच्या चित्राशेजारी, आणि बाई तिच्या खांद्यामागे. चेहरा वैदेहीच्या केसांनी झाकलेला. कोटाचं वरचं बटण निळं होतं.

मी माझ्या कोटाचं वरचं बटण चाचपलं. बाहेर अंधारून आलं होतं, पावणेपाच झाले असतील. तेवढ्यात तिचाच फोन आला.

"सुहास, अगं डोकं फुटतंय माझं. उभं राहवत नाही. श्रीहर्ष टॅक्सी बघायला गेलाय."

"तुझ्यामागे... कोण आहे गं?"

"कुणी नाही. गॅलरी रिकामी आहे. ऐक ना, दृष्ट लागली असणार. आई होती तेव्हा फोटोवरूनच काढायची. आता कोण आहे मला? तू काढ. मिरच्या ओट्यावरच्या डब्यात आहेत."

नाही कसं म्हणणार?

तिन्हीसांजेची वेळ तर होतीच. मुठीत मीठ, मोहऱ्या, सात सुक्या मिरच्या घेतल्या. फोनवर तिचा फोटो लावला आणि ओवाळू लागले. आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, वाटेवरच्याची, घरच्याची, दारच्याची... पुढे मैत्रिणीची म्हणायचं होतं. माझं नाव घ्यायचं होतं. जीभ उचलली गेली नाही. तिला बरं वाटावं असं मला वाटत होतं हो, पण तिच्यासाठीसुद्धा मला ते कबूल करवेना.

इथे चूल कुठली, इंडक्शनवर तवा तापवला आणि मूठ त्यावर टाकली. मोहऱ्या तडतडल्या. मिरच्या काळ्याठिक्कर पडल्या, धूर छतापर्यंत गेला. मिरच्यांची नाकात झोंबणारी खाट मात्र उठली नाही. मला साधा ठसका लागला नाही. दृष्ट जबर असली की असंच होतं, माझी आई सांगायची.

आणि मग आतल्या खोलीत कुणीतरी खोकलं.

घर रिकामं होतं. मीच कुलूप उघडून आत आले होते. परत खोकल्याची उबळ आली, घसा सोलवटून निघावा तशी. तो आवाज मी ओळखते.

"वैदेही...?"

खोकला थांबला. मग अंधारातून, अगदी हळू...

"सगळ्यांची नावं घेतलीस, सुहास... एक राहिलं."

"घे ना गं... म्हणजे मला परत तिकडे जाता येईल."

एकच शब्द होता. आजही तोंडात घोळतोय. मी धावत बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. कालवा ओलांडल्यावर थंडी वाजली, तेव्हा कळलं की कोट अंगात नाही. तो केव्हा काढला, आठवत नाही.

त्याला तीन दिवस झाले. तुळस वाळली असेल. मी परत गेलेले नाही.

आज संध्याकाळी श्रीहर्षचा मेसेज आला, विमानतळावरून. "वैदेही आता एकदम ठणठणीत. फक्त या उकाड्यात हा निळ्या बटणाचा राखाडी कोट घालून बसलीय, काढायला तयार नाही. कुठून आणलास विचारलं तर म्हणते, माझाच आहे. उद्या पोचतो. किल्ली घ्यायला तीच येईल तुझ्याकडे."